शारदेची वही आणि इंदिराकाकूची नक्कल

पत्र

नमस्कार. माझं वय ५१. राजापूर तालुक्यात खाडीकाठी आमचं गाव. देवीच्या उत्सवात गावकऱ्यांचं संगीत नाटक होतं, अगदी माझ्या आजोबांच्या वेळेपासून. मी १९ वर्षांची असताना 'संगीत शारदा'त शारदा केली होती. तीन वन्स मोअर मिळाले होते. (त्याच मे महिन्यात माझं लग्न ठरलं. आई काहीच बोलली नाही. यजमान भले आहेत, तसं काही नाही.) मग डोंबिवली, नोकरी, मुलं. आता यजमान निवृत्त झाले आणि आम्ही गावी परतलो. येत्या माघात मंडळ पुन्हा 'शारदा' करतंय. जुनी मंडळी म्हणतात, शारदा तूच कर, लोक तुझ्या नावावर येतील. भुजंगनाथ, म्हणजे शारदेशी लग्न करायला निघालेला म्हातारा, आमचे मास्तर करणार आहेत, वय ५८. दिग्दर्शक मात्र नवा मुलगा आहे. तो म्हणतो, तुम्ही इंदिराकाकू, म्हणजे शारदेची आई करा. शारदा त्याने अकरावीतल्या एका मुलीला द्यायचं ठरवलंय. ती दर शनिवारी एसटीने रत्नागिरीला गाणं शिकायला जाते. मला शारदेची सगळी पदं अजून तोंडपाठ आहेत. तेव्हा पेटीच्या काळी पाच पट्टीत गायचे, आता तो आवाज राहिला नाही, हे मलाही कळतं. पण इंदिराकाकू म्हणजे मला बाजूला सारल्यासारखं वाटतं. मुलगी म्हणते, आई, त्या जुनाट नाटकात काय ठेवलंय? शारदा करू, इंदिराकाकू करू, की सरळ नाही म्हणू?

— एक जुनी शारदा

उत्तर

ताई,

पत्र चार पानी होतं, वर त्यातलं थोडकं दिलंय. तुम्हाला शेवटपर्यंत टांगणीला लावत नाही. इंदिराकाकू करा. शारदा करू नका. आणि 'नाही' म्हणायचा विचार तर सोडूनच द्या. ज्या बाईला नाही म्हणायचं असतं ती चार पानं लिहीत बसत नाही.

जुन्या मंडळींवर रागावू नका. तुमच्या शारदेबरोबर त्यांना स्वतःची तिशीही परत हवी आहे. मांडवात कोण कुठे बसलं होतं, कोणत्या पदाला वन्स मोअर पडला, लाइट गेली तेव्हा पेट्रोमॅक्स कुणी धरली, हे त्यांना तुमच्याहून जास्त आठवत असेल. बालगंधर्वांचा दाखलाही एव्हाना कुणीतरी दिलाच असणार. आपल्याकडे नाटकाचा विषय निघाला आणि पाच मिनिटांत बालगंधर्व आले नाहीत, असं मी कधी पाहिलेलं नाही. दाखला खोटा नाही. त्यांनी साठी उलटल्यावरही स्त्रीभूमिका केल्या आणि माणसं डोळे मिटून ऐकत बसली. पण 'स्वयंवर'मधल्या रुक्मिणीचं वय प्रेक्षक विसरू शकतो. शारदेचं विसरून चालत नाही, कारण ते नाटक उभंच आहे वयाच्या हिशेबावर. नवरा पाऊणशे वयाचा आणि नवरी कोवळी पोर, एवढं दिसलं तरच पुढचं सगळं अंगावर येतं. तुमचे मास्तर ५८ चे, तुम्ही ५१ च्या. सात वर्षांचं अंतर! मागच्या रांगेतली एखादी आजी म्हणेल, बरं स्थळ आहे की, होऊन जाऊ दे लग्न.

हसलात ना? तसंच सगळा मांडव हसेल. तेही नाटककार देवलांनी जिथे हसायला लिहिलेलं नाही तिथे.

दाखलाच द्यायचा तर दुसराही आहे. बालगंधर्वांच्या आधीचे गायक-नट भाऊराव कोल्हटकर, त्यांनी शकुंतला आणि सुभद्रा गाजवल्या आणि पुढे ते पुरुषभूमिकांकडे वळले. त्यांच्या नावाला त्याने काही कमीपणा आला नाही. इतकं लांबही जायला नको. मी राहते सिंधुदुर्गात. इथल्या दशावतारात स्त्रीपार्टी करणारा नट वय झालं की कधी राजा होतो, कधी ऋषी होतो, आणि रात्र तशीच चालू राहते. एका जत्रेत पहाटे नाटक संपल्यावर पेटारा आवळणाऱ्या अशाच एकाला मी विचारलं होतं, की इतकी वर्षं केलेली स्त्रीपार्टी सोडताना वाईट नाही का वाटलं? तो म्हणाला, "पाय दुखूक लागले गो बाय, आणि काय!" मी आपली काहीतरी मोठं ऐकायला मिळेल म्हणून गेले होते.

आता आवाज. काळी पाच गेली याचं तुम्ही फारच मनाला लावून घेतलंय. पाळी जाण्याच्या सुमाराला संप्रेरकं कमी होतात, त्याचा परिणाम स्वरतंतूंवर होतो. बाईचा आवाज खाली उतरतो, वरचे सूर पूर्वीसारखे सहज लागत नाहीत, घसा कोरडा पडतो. यात तुमचा दोष नाही आणि रियाज सुटल्याची ही शिक्षाही नाही. सकाळी वीस मिनिटं खालच्या सुरांत नुसता आकार लावा. तार षड्ज लागतो का, ते रोज तपासून बघत बसू नका. काळी तीनला किंवा पांढरी चारला गा. पायपेटीवाल्याला पट्टी बदलणं जड नसतं. खरी पंचाईत तबलजीची. नायक कोदंडाची पट्टी वेगळी, शारदा करणाऱ्या मुलीची वेगळी, तुमची तिसरी. त्याला आधीच सांगून ठेवा, म्हणजे तो तबले लावून हाताशी ठेवील. तालमीतच हे ठरलं नाही तर प्रयोगात पद सुरू व्हायच्या वेळी हातोडीची ठकठक ऐकू येते आणि लोकांना वाटतं मांडवाचा खांब सुटला. आवाज तीन आठवड्यांहून जास्त घोगरा राहिला तर मात्र ज्येष्ठमध चघळत बसू नका, कान-नाक-घशाच्या डॉक्टरला दाखवा.

इंदिराकाकूला शारदेच्या मानानं गाणं कमी आहे, हे दुखणं पत्रात लिहिलं नसलंत तरी मला दिसतंय. दिग्दर्शकाला सांगा, नांदीला मी पुढे उभी राहणार. तो नाही म्हणणार नाही. गावात तुम्ही पुन्हा गाताय हे लोकांना पडदा उघडताच कळेल आणि तुमच्या मनातली ती ठसठस पहिल्या पाच मिनिटांतच निघून जाईल. त्यापुढे इंदिराकाकू.

खरी अडचण वेगळीच आहे, आणि जुन्या नाटकात परत जाणाऱ्या प्रत्येकाला ती गाठते. तुम्हाला पदं तोंडपाठ आहेत असं तुम्ही अभिमानानं लिहिलंय. मला तीच धास्ती वाटते. ती मुलगी समोर उभी राहून शारदेचं बोलायला लागली की तुमचे ओठ हलतील. तुम्हाला कळणारही नाही. पहिल्या तीन रांगांना दिसेल. आता तर कॉलर माइक लावतात, तेव्हा तुमचं पुटपुटणं मांडवाबाहेरच्या चहाच्या टपरीपर्यंत जाईल. वाक्यांच्या मागून हातही जातात, मान वळते, डोळे जातात. पोरीने एक शब्द गाळला तर तुमच्या कपाळावर आठी पडेल, आणि त्या क्षणी रंगमंचावर आई उरणार नाही, परीक्षक उभा असेल.

माझं सांगते. 'संशयकल्लोळ'मध्ये मी तरुणपणी कृत्तिका केली होती. पंधरा वर्षांनी तीच कृत्तिका दुसऱ्या एका हौशी संस्थेत करायला मिळाली. नाटक पाठ होतं, म्हणून तालमीत मी जरा निवांतच होते. (खरं सांगायचं तर आळशी होते.) प्रयोगाच्या रात्री तावातावाने संवाद टाकला आणि सवयीने डावीकडच्या दारातून आत जायला वळले. दार डावीकडे होतं ते पंधरा वर्षांपूर्वीच्या नेपथ्यात. इथे तिकडे रंगवलेली भिंत होती. मी त्या भिंतीत घुसले, भिंत हलली, वरची तसबीर खाली आली. लोक खो खो हसले. ते नाटकच तसबिरीच्या घोटाळ्याचं, म्हणून त्यांना तो प्रसंग नाटकातलाच वाटला. तुमच्या 'शारदा'त असं निभावणार नाही.

तेव्हा एवढं करा. जुनी वही काढू नका. त्या वहीत तुमच्या अक्षरातली शारदा आहे, तिच्या समासात गाण्यातल्या जागा लिहिल्या आहेत, श्वास कुठे घ्यायचा त्याच्या खुणा आहेत. ती कपाटात राहू दे. दिग्दर्शकाकडून नवी संहिता घ्या आणि इंदिराकाकूची नक्कल स्वतःच्या हाताने उतरवून काढा, पूर्वी नाटक कंपनीत करायचे तशी. आपली वाक्यं आणि त्याआधीचे समोरच्याचे शेवटचे दोन-चार शब्द, बस्स. बाकीचं नाटक कागदावर नकोच. म्हणजे शारदेचं वाक्य तुम्हाला पुन्हा कानाने ऐकावं लागेल. शिवाय आताच्या संहिता कापलेल्या असतात. संगीत नाटकं एकेकाळी रात्रभर चालायची. आता अडीच-तीन तासांत आटपावी लागतात, कारण चाकरमान्यांना सकाळची गाडी पकडायची असते. तुमच्या डोक्यातलं नाटक आणि या मुलाच्या हातातलं नाटक एकच आहे, असं धरून चालू नका. "आमच्या वेळी इथे आणखी एक कडवं होतं," हे वाक्य साऱ्या तालमींत मिळून एकदाच म्हणायची मुभा देते. कुठे वापरायचं ते नीट विचार करून ठरवा.

शारदा करणाऱ्या मुलीचं काय? ती विचारत नाही तोवर काही शिकवू नका. ती विचारेल. कदाचित एखादी तान कशी घ्यायची म्हणून विचारेल, तेव्हा गाऊन दाखवायचा मोह होईल. गाऊन दाखवलंत की ती तुमची शारदा करायला लागेल आणि गावात तुलना सुरू होईल. त्यात तुम्ही जिंकलात तर नाटक पडलं आणि हरलात तर तुम्ही पडलात. तिला नऊवारीत भराभर चालायला शिकवा, काचा सुटला तर रंगमंचावर न थांबता तो कसा सावरायचा ते दाखवा. हे रत्नागिरीच्या गाण्याच्या क्लासात शिकवत नाहीत.

तुमच्या लेकीच्या 'जुनाट'वरही थोडं बोलते. 'शाकुंतल' १८८० चं, 'सौभद्र' १८८२ चं. संगीत रंगभूमीवर तोवर बहुतेक राजे, ऋषी, देव. गोविंद बल्लाळ देवलांनी १८९९ साली भटाभिक्षुकाचं घर मंचावर आणलं, बापाची पैशाची हाव आणली, लग्न जुळवणारा भद्रेश्वर दीक्षित आणला, आणि त्या घरातल्या पोरीच्या तोंडी गाणं दिलं. त्याच्या आठच वर्षं आधी, १८९१ साली, मुलींचं संमतिवय दहावरून बारा करण्याच्या कायद्यावरून महाराष्ट्रात रणं माजली होती. पुढे १९२९ मध्ये बालविवाह प्रतिबंधक कायदा आला, त्याला लोक 'शारदा कायदा' म्हणतात. या नाटकावरूनच ते नाव पडलं, असं छातीठोकपणे सांगणारे मला दोघं-तिघं भेटलेत. तसं नाही. ते नाव कायद्याचं विधेयक मांडणाऱ्या हरबिलास सारडांचं. पण सारडाची शारदा आपल्या तोंडात इतकी सहज बसली, त्याला देवलांची शारदाही कारण असावी, असं मला आपलं वाटतं. लेकीला हे सगळं ऐकवू नका, ती मोबाइल बघायला लागेल. रंगीत तालमीला मागे बसवा, आणि बापाने लग्न परस्पर ठरवल्याचा प्रवेश तेवढा बघायला लावा. तिचं लग्न अजून व्हायचं असेल तर ती नक्की काहीतरी बोलेल.

आणि आता तुमचा तो कंस.

चार पानांच्या पत्रात पट्टी, पदं, वन्स मोअर, मंडळातले दोन तट, सगळं सविस्तर आहे. आणि लग्न ठरल्याचं, आई काहीच न बोलल्याचं तुम्ही कंसात घातलंत. यजमान भले आहेत हे लगेच जोडलंत. ते भले आहेत, माझा विश्वास आहे. ३२ वर्षांपूर्वीची कुठलीही फाईल मला उघडायची नाही. पण १९ वर्षांची मुलगी मांडवात शारदा गाते, लोक रडतात, आणि तीन-चार महिन्यांत तिच्याच घरात तिचं लग्न तिला फारसं न विचारता ठरतं, यातली गंमत म्हणा, विपरीतपणा म्हणा, तुम्हाला दिसला नसेल असं मी मानत नाही. दिसला म्हणूनच कंस आला.

इंदिराकाकूकडे या बाजूने बघा. नवऱ्याच्या, म्हणजे कांचनभटाच्या घरात तिचं काही चालत नाही. पण ती गप्प बसलेली नाही, ती बोलते. तुम्ही शारदा करत होतात तेव्हा त्या बोलण्याकडे तुमचं लक्षच नसणार. विंगेत उभ्या राहून तुम्ही पुढच्या पदाचा सूर मनात धरत असाल. १९ व्या वर्षी मीही तेच केलं असतं. आता ती वाक्यं तुमच्या वाट्याला आली आहेत. तुमची आई जे बोलली नाही, ते बोलायची ही जागा आहे, असं मी म्हटलं तर फार गोड वाटेल, आणि रंगमंचावर त्याचा उपयोगही होणार नाही. उपयोगाचं विचारते. तो मे महिना होता. घरात लग्नाचं बोलणं चाललं असताना आई हातांनी काय करत होती? कोकमं फोडत होती? आंब्याची साठं उलटत होती? फणसाच्या चिकाला हाताला तेल लावत होती? मेमध्ये कोकणातल्या कुठल्याही बाईचे हात रिकामे नसतात. पुरुष पडवीत बोलतात आणि आत हात चालू असतात. बोलणं नको तिथे पोचलं की ते हात एकदम थांबतात, किंवा उगाच जास्त भराभर चालतात. तुमच्या आईचे काय झाले होते? आठवलं तर ते दिग्दर्शकाला सांगत बसू नका. नुसते हात आणा तालमीत. सूप असेल, तांदूळ असतील, वाती असतील, प्रवेशात जे असेल त्यावर ते हात ठेवा. त्या मुलाला कारण कळणार नाही, पण तो म्हणेल, काकू, हे ठेवा.

एक जपा. या वाटेने गेलात की तालमीत एखाद्या संध्याकाळी रडू येईल. येऊ दे, पण तालमीतच. डोळ्यांत पाणी आलं की गळा आवळतो आणि काळी तीनसुद्धा लागत नाही. प्रयोगात लोकांनी रडायचं, आपण सूर धरायचा. हे तुम्हाला मी काय सांगायचं? तीन वन्स मोअर तुम्ही घेतलेत.

जुन्या मंडळींना नकार तुम्ही स्वतः द्या, दिग्दर्शकावर ढकलू नका. तो पोरगा त्यांच्यापुढे टिकणार नाही आणि मग मंडळात फूट पडली की नाटक गणपतीपासून शिमग्यापर्यंत नुसतं चर्चेतच राहील. त्यांच्या घरी जा, चहा घ्या, आणि मास्तर ५८ चे, मी ५१ ची, हा हिशेब त्यांना हसत हसत ऐकवा. मास्तर स्वतः तिथे असले तर उत्तमच. भुजंगनाथ करायला निघालेल्या माणसाला वयावरून बोललेलं लागत नाही, लागत असेल तर तो भुजंगनाथ करू शकणार नाही.

आणि देवळातली पायपेटी दसऱ्याच्या आत उघडून बघायला सांगा. चार महिन्यांच्या पावसात लाकूड फुगतं, पट्ट्या अडकतात, भात्याला उंदीर लागतात, आणि दुरुस्त करणारा माणूस उत्सवाच्या आठवड्यात मिळत नाही. एक दिवस उघडून वारं लागू दे, कडक उन्हात मात्र ठेवू नका. मग आधी काळी तीन दाबून बघा, बोट उचलल्यावर सूर थांबतो ना.